नव्या कल्हईचे तपेले

पुराणिकबुवांचा घसा बसला आहे. त्यांनी पंधरा दिवस तोंड उघडू नये असे मीच सांगितले आहे, त्यामुळे नवरात्रातल्या दुपारी मारुतीच्या देवळात पुराणाला जमणारी मंडळी माझ्यावर नाराज आहेत. "बुवांना गप्प बसवलंत, आता तुम्ही बोला," असा हुकूम झाला. मला बोलता येत नाही. मला विचारता येते आणि लिहून ठेवता येते. म्हणून हे लिहून देतो आहे. ज्याचा घसा धड असेल त्याने वाचावे.

वैद्यकी करून मला पंचवीस वर्षे होत आली. कोणाकडे शिकलो, किती पाठ केले, हे सांगत बसत नाही. ते ऐकून कोणाचे पोट दुखायचे थांबत नाही.

पुण्यातल्या लोकांची एक समजूत आहे की वैद्याने नाडी धरली की त्याला सगळे कळते. शुक्रवार पेठेतले एक गृहस्थ दर पंधरवड्याला येतात, हात पुढे करतात आणि तोंड मिटून बसतात. मी विचारले, "काय होतंय?" तर म्हणाले, "ते मीच सांगायचं, तर तुम्ही वैद्य कशाचे?" मी नाडी पाहिली आणि म्हणालो, "आपल्याला दोन रोग आहेत. एक अजीर्ण. दुसरा, वैद्याची परीक्षा घेणं. पहिल्याला औषध देतो." ते अजून येतात. आता निदान ढेकर किती येतात तेवढे सांगतात.

नाडी खोटी नाही. ताप चढतो आहे की उतरतो आहे, अंगात बळ किती उरले आहे, हे ती सांगते. पण काल श्राद्धाच्या पानावर किती लाडू खाल्ले, ते नाडी सांगत नाही. ते विचारावे लागते. माझे निम्मे वैद्यक विचारण्यात आहे आणि उरलेले निम्मे याद्यांत. माझ्या वह्यांत रोग्यांची नावे नाहीत, लक्षणे आहेत. तापाची यादी वेगळी, पोटशूळाची वेगळी, हातापायांची वेगळी. प्रत्येक लक्षणाखाली दोन-तीन ओळी: वय, धंदा, पाणी कुठले, खाणे काय, कधीपासून, आणि पुढे काय झाले. बरा झाला ते लिहितो, गेला तेही लिहितो. दुसरे लिहिताना हात जड होतो, पण उपयोग त्याचाच जास्त होतो.

तापाचे घ्या. थंडी भरून येणारा ताप रोज येतो, की एक दिवस सोडून, की दोन दिवस सोडून, यावर औषध ठरते. घरच्यांना विचारावे तर उत्तर एकच: "सारखाच असतो हो!" मग मी सांगतो की थंडी वाजली त्या दिवशी चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने उभी रेघ मारा, नाही वाजली त्या दिवशी आडवी. आठ दिवसांनी मी रोग्याच्या आधी भिंत बघतो. भिंतीला लाज नसते आणि ती विसरतही नाही.

काही रोग तर कारण एका वर्षी घेतात आणि लक्षण दुसऱ्या वर्षी दाखवतात. रविवारातला एक कापडवाला घोट्यावर फोड घेऊन आला. फोड फुटला आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखे टोक दिसू लागले. नारू. मी विचारले, "पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी कुठे प्यालात?" तो म्हणाला, "मी वर्षभर पुण्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही." सोबत आलेली त्याची बायको दारामागून म्हणाली, "गेल्या वैशाखात मामंजींच्या गावी लग्नाला कोण गेलं होतं मग? विहिरीचं पाणी गोड म्हणून तांब्या भरभरून प्यायलात!" माझ्या यादीतले नारूचे सगळे रोगी असेच, वर्षापूर्वीचे पाणी विसरलेले. त्याला मी बजावले की हा किडा काडीला गुंडाळत रोज बोटभर बाहेर काढायचा, ओढायचा नाही. कापडवाला घाईचा माणूस. त्याने ओढला. तो तुटला, पाय सुजला, आणि दुकान तीन महिने बायकोने चालवले. चांगले चालवले, असे ऐकतो.

एका पागेतला राऊत, घोडेस्वार, तर रडतच आला. सूर्य मावळला की त्याला दिसेनासे व्हायचे. छावणीत तो संध्याकाळी दोऱ्यांना अडखळून पडायचा, सोबती म्हणायचे हा चोरून पितो. मी विचारले की सहा महिने काय खाल्ले. भाकरी आणि मीठ, दुसरे काही नाही. त्याला बकऱ्याचे काळीज खायला सांगितले. आमच्याकडे ते सांगायला चालते, बघायला चालत नाही. पंधरा दिवसांनी तो दिवेलागणीला एकटा चालत आला, पायरीवर पडलेली माझी तपकिरीची डबी उचलून माझ्या हातात दिली, आणि हसला.

अशा गोष्टी सांगायला बऱ्या वाटतात. आता जी लिहितो आहे तिचा दोन दिवस विचार केला. त्या घरची परवानगी घेतली आहे. नावे बदलली आहेत.

सहा वर्षांमागची गोष्ट. दफ्तरातले एक कारकून, त्यांना त्र्यंबकपंत म्हणू. मोडी असे लिहीत की घाईचा कागदही कोरल्यासारखा दिसे. त्यांचा एकुलता मुलगा फौजेबरोबर लांब मुलखात गेला होता आणि चार महिने पत्र नव्हते. तो सुखरूप यावा म्हणून पंतांनी चातुर्मासाचा नेम धरला: एकच जेवण, त्यात फक्त कढी आणि भात, कढी स्वतंत्र भांड्यात सोवळ्याने केलेली. संध्याकाळी त्यातलीच उरलेली कढी प्यायची. बाकी काही नाही. पंतांच्या बायकोचे, भागीरथीबाईंचे, गुडघे धरलेले. त्यामुळे नेमाचा स्वयंपाक सुनेकडे आला. तिला उमा म्हणू. लोणीच्या कुळकर्ण्यांची मुलगी, सतरा वर्षांची, या घरात येऊन जेमतेम वर्ष झालेली.

भाद्रपदात पंत माझ्याकडे आले. पोटात असा शूळ की पोट पाठीला ओढल्यासारखे होई. उशी दाबून धरली की बरे वाटे. चार-चार दिवस शौचाला होत नसे. अन्नाला चव नाही, तोंडाला मात्र गोडसर पाणी सुटे. मी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि वातशूळ असे लिहिले. हिरडा, आवळकाठी आणि सुंठ यांचा काढा दिला. सांगितले, "नव्या कल्हईच्या भांड्यात उकळा."

हे शेवटचे वाक्य समजावून सांगायला हवे. काढा मातीच्या भांड्यात करावा, हा खरा नियम. पण सोवळ्याच्या घरी मडके एकदा चुलीवर चढले की पुन्हा चालत नाही, रोज नवे लागते. लोक कंटाळून काढाच सोडून देत. म्हणून अशा घरांसाठी मी आपल्या अकलेने सोय काढली होती: तांब्याचे भांडे, पण कल्हई ताजी, म्हणजे तांबे काढ्याला लागणार नाही. सोय सगळ्यांना आवडली. मलाही तिचा अभिमान होता.

पंधरा दिवसांनी शूळ वाढला. मी काढा दुप्पट केला.

आश्विन उजाडता पंतांचा चेहरा राखेसारखा झाला. मग एके सकाळी त्यांच्या हातून बोरू पडला. उचलला, पुन्हा पडला. मी गेलो तेव्हा ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. म्हणाले, "बोटं माझी आहेत हो, पण मनगट ऐकत नाही." हात वर करायला सांगितले तर पंजे वाळल्या फांदीच्या पानांसारखे खाली लोंबले. जेवायला बसले तरी बायकोने भरवावे लागे.

घटस्थापनेनंतर चार दिवसांनी मला पुन्हा बोलावणे आले. ओसरीवर पंतांचे धाकटे बंधू आबाजी बसले होते.

"वैद्यबुवा, आता औषधं बदलत बसू नका. हे औषधाचं दुखणं नाही."

"मग कशाचं आहे?"

"दादाचं अन्न या घरात एकच माणूस शिजवतं. श्रावणात मंगळागौरीला माहेरी पाठवलं नाही म्हणून दोन दिवस रडत होती. तेव्हापासून हे सुरू झालं. आणखी काय सांगू? दसरा झाला की मी तिला कोतवालाच्या चावडीवर नेणार."

"तिनं काय घातलं, कोणी पाहिलं?"

"पाहायला कशाला हवं? परवा विचारलं, तर म्हणते, तापल्या तेलात हात घालते, खोटी असेन तर भाजेल. इतकी धिटाई खऱ्या माणसाला असते का?"

मला वाटले, ती फक्त खऱ्या माणसालाच असते. पण बोललो नाही, कारण माझ्याजवळ दाखवायला काही नव्हते. मी एवढेच विचारले, "आता जेवण कोण करतं?"

भागीरथीबाई दारातून म्हणाल्या, "सहा दिवस झाले, मीच करते. गुडघे मोडले तरी."

"आणि शूळ?"

"आहे तसाच. उलट काल जास्तच झाला."

आबाजी म्हणाले, "आधी घातलेलं आत बसलंय."

मी ते कानाआड केले. हात बदलला आणि दुखणे बदलले नाही. मग जे बदलले नाही ते शोधायला हवे होते. मी सांगितले की मला सूनबाईंना चार गोष्टी विचारायच्या आहेत.

उमा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड येऊन बसली. डोळे सुजलेले होते, पण आवाज स्वच्छ होता. मी विचारत गेलो, ती सांगत गेली. असा रोगी मला पंचवीस वर्षांत भेटला नाही. तिला सगळे क्रमाने आठवत होते.

"कढी कुठल्या भांड्यात?"

"तांब्याचं नवं तपेलं आहे, त्यात. पाण्यासाठी आणलं होतं. त्यात कधी काही शिजलं नव्हतं, म्हणून नेमाला तेच काढलं."

"ताक आंबट?"

"मामंजींना आंबटच लागतं. सकाळी केलेली संध्याकाळपर्यंत त्यातच असते."

"आणि माझा काढा?"

"तोही त्यातच. तुम्ही नवी कल्हई म्हणालात. घरात नवी कल्हई त्या एकाच भांड्याला. तुम्ही काढा वाढवलात तेव्हापासून आदल्या रात्रीच भिजत घालत होते, मुरावा म्हणून."

"आता?"

"आता सासूबाई तसंच करतात. मीच सांगितलं, तुमच्या सांगण्यात चूक नको म्हणून."

तीच पुढे म्हणाली, "गाळून उरलेला काढा मी एकदा चाखला होता. आधी तुरट, मग आंबट, आणि मागून गोड लागला. काढा गोड कसा, म्हणून मी विचारलं होतं."

"कोणाला?"

भागीरथीबाईंनी मान खाली घातली. "मला विचारलं होतं. मी म्हटलं, वैद्यबुवांना जास्त कळतं."

घरी येऊन हातांची यादी काढली. 'मनगटे लोंबती' याखाली सगळ्या वह्यांत मिळून एकच नोंद होती. शिशाच्या गोळ्या ओतणारा कारागीर. पोटशूळ, मलावरोध, चेहरा राखेसारखा, हिरड्यांच्या कडेने निळी-काळी रेघ. पुढे काय झाले: धंदा सोडला नाही, दीड वर्षात गेला.

मी तसाच परत गेलो. पंतांचा खालचा ओठ बोटाने खाली ओढला. दातांच्या मुळाशी रेघ होती, बारीक बोरूने ओढावी तशी. ती महिनाभर तरी तिथे असणार. मी त्यांची जीभ चार वेळा पाहिली होती. ओठ एकदाही उचलला नव्हता.

तपेले फडक्यात बांधून कसब्यातल्या तांबटाकडे नेले. राणबा तांबटाने त्यात पांढरी चिंधी घासली आणि काळी झालेली चिंधी माझ्यासमोर धरली.

"शिसं हाय की ह्यात. चांगलं निम्मं."

"कोणी घातलं?"

"म्याच. पाण्याचं म्हणून दिलं हुतं. शिसं घातलं की कथील सरळ पसरतं, चमकतं बी. पाण्याला चालतंय. आंबटाचं भांडं असतं तर नुसतं कथील लावलं असतं. तुम्ही ह्यात काय शिजवलंत?"

"ताक. आणि आवळा."

राणबाने हातातली हातोडी खाली ठेवली. "कुनी सांगितलं ओ तसं करायला?"

मी म्हणालो, "मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंतांच्या ओसरीवर आळीतले दोन वडीलधारे बसले होते. चावडीवर जाताना साक्षीला असावेत म्हणून आबाजींनी त्यांना बोलावले होते. मी तपेले मध्ये ठेवले, माझ्याच उपरण्याचे टोक आत घासले आणि सगळ्यांना दाखवले. मग सांगितले, जितके सोपे करून सांगता येईल तितके. आंबटात शिसे विरघळते. कढीतून थोडे थोडे पोटात गेले. मग मी आवळ्याचा काढा त्याच भांड्यात करायला लावला. दुखणे वाढले, तर तो दुप्पट केला.

आबाजी म्हणाले, "म्हणजे विष तुम्ही घातलंत?"

"या मुलीच्या हातून, पण माझ्या सांगण्यावरून. चावडीवर कोणाला न्यायचं असेल तर मला न्या."

एक म्हातारबुवा हळूच म्हणाले, "वैद्यबुवा, हे बाहेर गेलं तर तुमच्या ओसरीवर कोण चढेल?"

"ज्याला चढवेल तो चढेल. हे बाहेर जायलाच हवं."

आबाजींनी तपेले उचलून आत पाहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. झालं ते झालं. सूनबाईंनी आता स्वयंपाकाला लागावं."

तेव्हा उंबऱ्याआडून उमा बोलली. "काका, घरात झालं ते झालं. हौदावर कसं होईल? मी घागर ठेवली की बायका आपापल्या घागरी उचलून घेतात. त्यांना कोण सांगणार?"

माझ्या कोणत्याही यादीत या दुखण्याला औषध नव्हते.

तपेले घराबाहेर गेले. काढा बंद केला. भटजींना विचारून नेम दूधभातावर आणला, तो मातीच्या भांड्यात, रोज नव्या. त्यात तूप सढळ, आंबट अजिबात नाही. दिवाळीपर्यंत शूळ थांबला, चेहऱ्यावर रंग आला. मनगटे मात्र फाल्गुनात उचलू लागली. पंत पुन्हा लिहू लागले, पण ते पूर्वीचे अक्षर गेले ते गेलेच. मुलगा पुढच्या वर्षी परत आला. माझ्याकडे येणारे वर्षभर निम्म्यावर आले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तेव्हापासून मी प्रत्येक रोग्याचा ओठ उचलून बघतो, आणि सोवळ्याच्या घरी रोज नवे मडके आणायला सांगतो. कंटाळणारे कंटाळतात.

कार्तिकातल्या द्वादशीला नेमाचे पारणे होते. पंतांनी आळीतल्या तीस माणसांना जेवायला बोलावले. मलाही बोलावले. मी जाणार नव्हतो, पण भागीरथीबाई स्वतः गुडघ्यांवर हात ठेवत बोलवायला आल्या.

पाने मांडली. वाढून झाले. ज्यांच्या घरच्या बायका हौदावर घागरी उचलत, ते सगळे पानांवर बसले होते. आपोशनी झाली आणि मंडळी थांबली, कारण यजमानांनी घास घेतल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. भागीरथीबाई पंतांना भरवायला पुढे झाल्या.

पंत म्हणाले, "तू नको. सूनबाईंना बोलाव."

सुनेने सासऱ्याला भर पंगतीत भरवायचे, हे कोणी पाहिले नव्हते. उमा बाहेर आली, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. ती पाटाशी बसली.

"भरव, मुली," पंत म्हणाले. "सगळ्यांना दिसेल असं भरव."

तिने वरणभाताचा घास कालवला आणि त्यांच्या तोंडात घातला. पंतांनी तो सावकाश खाल्ला. सगळे बघत होते. "आणखी," ते म्हणाले. तिने दुसरा दिला, मग तिसरा. मग कोणीतरी भाताला हात घातला, आणि पंगत सुरू झाली.

पानावरचे कढीचे द्रोण मात्र अजून रिकामे होते. पंतांनी सुनेकडे पाहिले. "आता कढी वाढ. वैद्यबुवांनी मला मना केली आहे, या मंडळींना नाही."

ती आत जाऊन कढीचे भांडे घेऊन आली. पहिले पान आबाजींचे होते. त्यांनी नकळत द्रोणावर आडवा हात धरला होता, नको म्हणताना धरतो तसा. उमा पळी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. ती पुढे गेली नाही.

आबाजींनी वर पाहिले, मग पंतांच्या लोंबत्या हातांकडे पाहिले, आणि द्रोणावरचा आपला हात बाजूला घेतला.